गावकूस आणि जेफरसनची भिंत

भिंत म्हटली की आपल्या माणसाला पहिलं काय आठवतं? गावकूस. आत गाव, बाहेर महारवाडा. आत देऊळ, बाहेर आपण. पाणी आत, तहान बाहेर. पिढ्यान्‌पिढ्या आपले बापजादे ह्या भिंतीच्या बाहेर जगले आणि बाहेरच मेले. त्यामुळे जगात एखादी चांगली भिंतही असते असं कुणी सांगायला लागलं तर आपला पटकन विश्वास बसत नाही. बसूही नये. आधी विचारावं, ही भिंत कुणी बांधली? कशासाठी बांधली? आणि बांधून झाल्यावर कोण कुठल्या बाजूला उरलं?

मी लिहितोय ती भिंत अमेरिकेत आहे. दगडामातीची नाही, कायद्याची. एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला सरकार. चर्चनं राज्य करायचं नाही, राज्यानं चर्च चालवायचं नाही. कुणाच्या देवासाठी कुणाच्या खिशातून कर काढायचा नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तिथं ह्या भिंतीवरून दोन तट पडले. एक मित्र कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी अमेरिकेसारखी पक्की भिंत घटनेत घालायला पाहिजे होती. मग ही सरकारी भूमिपूजनं, हापिसातले सत्यनारायण, सगळंच बंद झालं असतं." दुसरा रिक्षा चालवतो. तो उसळला, "कसली भिंत घेऊन बसलास? त्यांच्या डॉलरवर देवाचं नाव हाय. प्रेसिडेंट बायबलवर हात ठेवून शपथ घेतो. समदं ढोंग हाय."

दोघंही खरं बोलत होते. दोघांचंही अर्धंच होतं.

मी दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. कोर्टाचं एक निकालपत्र संपवायला मला दोन-दोन आठवडे लागतात. रातपाळी करून आल्यावर डोळ्यांची आग होते, तरी वाचलं. जे हाती लागलं ते साथींपुढे ठेवतो.

*

पहिली गोष्ट. ही भिंत राजांनी बांधली नाही, पाद्र्यांनीही बांधली नाही. ती मार खाल्लेल्यांच्या डोक्यातून निघाली.

इंग्लंडमध्ये धर्मावरून छळ झाला म्हणून काही लोक समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला आले. आले आणि स्वतःच छळायला लागले. त्यांच्या चर्चचं जे मत तेच सगळ्यांचं मत पाहिजे. रॉजर विल्यम्स नावाचा एक पाद्री म्हणाला, माणसाच्या मनावर सरकारचा हुकूम चालत नाही. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात बर्फातून तो पळाला. नॅरागॅन्सेट ह्या मूळ रहिवाशांनी त्याला जागा दिली, तिथं त्यानं १६३६ साली प्रॉव्हिडन्स गाव वसवलं. ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू दे, नाही पाळायचा तर नको पाळू दे, असं ते गाव. चर्च आणि जग ह्यांच्यामधल्या भिंतीची भाषा ह्या विल्यम्सनं १६४४ सालीच वापरली. पण त्याची काळजी वेगळी होती. सरकारची घाण चर्चच्या बागेत येऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं.

मेरी डायर नावाची बाई क्वेकर पंथाची. बॉस्टनमध्ये यायला तिला बंदी होती. ती पुन्हापुन्हा गेली. १६६० साली तिला फासावर चढवलं. गुन्हा एवढाच, तिचा ख्रिस्त त्यांच्या ख्रिस्तापेक्षा जरा वेगळा होता.

व्हर्जिनियात तर सरकारी चर्चच होतं. त्या चर्चसाठी सगळ्यांनी कर भरायचा. बॅप्टिस्ट पंथाचे लोक गरीब, त्यांचे प्रचारक साधे. ते परवान्याशिवाय प्रवचन करतात म्हणून त्यांना तुरुंगात घालायचे. जेम्स मॅडिसन तेव्हा तरुण होता. शेजारच्या तालुक्यात माणसं केवळ धर्ममतासाठी तुरुंगात आहेत, हे बघून त्याचं रक्त तापलं. पुढं १७८४ साली पॅट्रिक हेन्री ह्या मोठ्या पुढाऱ्यानं विधेयक आणलं की ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी सगळ्यांवर कर बसवावा. वाटेल त्या पंथाला द्या, पण द्या. किती उदार! मॅडिसननं १७८५ साली त्याच्याविरुद्ध निवेदन लिहिलं. मुद्दा साधा होता. जे सरकार आज तुझ्याकडून एका धर्मासाठी तीन पेन्स सक्तीनं घेऊ शकतं, ते उद्या तुला हव्या त्या गोष्टीत वाकवू शकतं. तीन पेन्स म्हणजे चिल्लर. पण सक्ती चिल्लर नसते. बॅप्टिस्टांनी गावोगाव सह्या गोळा केल्या. विधेयक पडलं. १७८६ साली थॉमस जेफरसननं लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात पास झाला.

१७८७ सालच्या अमेरिकेच्या घटनेत कलम सहामध्ये लिहिलं आहे की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. मग १७९१ साली पहिली दुरुस्ती आली. धर्माबद्दलचे तिच्यात इंग्रजीत फक्त सोळा शब्द. त्यांचा अर्थ असा की काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, धर्माची स्थापना करणारा कायदा करायचा नाही आणि कुणाला धर्म पाळायला आडकाठीही करायची नाही. १ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्ष जेफरसननं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहिलं. ह्या सोळा शब्दांना तो भिंत म्हणाला. तिथून ते नाव पडलं. पत्र कुणाला लिहिलं ते बघा. अल्पसंख्य पंथाला, ज्यांच्या राज्यात १८१८ पर्यंत दुसऱ्याच चर्चची सत्ता होती.

*

तीन पेन्सचं वाचलं तेव्हा मला माझे शंभर रुपये आठवले.

आमच्या गिरणीत खंडेनवमीला साच्यांची पूजा होते. रिंग खात्यात झेंडूच्या माळा, हळदकुंकू, प्रत्येक फ्रेमपुढे नारळ. तीन वर्षांमागं त्या महिन्याच्या पगारात शंभर रुपये कमी आले. पावती नाही, विचारणं नाही. मी विचारायला गेलो. टाइमकीपर म्हणाला, "पूजेची वर्गणी. सगळ्यांचीच कापली. तुझा काय वेगळा देव हाय का?"

म्हणलं, "देवच नाय. म्हणून तर इचारतोय."

माझ्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. बापानं लावल्यात. साचा मी रोज पुसतो, तेलपाणी करतो, तुटलेला धागा जोडतो. त्या लोखंडाशी माझं नातं आहे, ते घामाचं आहे. नारळ फोडायला माझा नंबर आला तेव्हा मी हात मागं घेतला. भांडलो नाही, शिवी दिली नाही. नुसता हात मागं घेतला. पुढच्या सोमवारी माझी बदली ब्लो रूमला. तिथं कापसाची धूळ इतकी की थुंकी पांढरी येते. दोन महिने काढले.

आता ऐका. अमेरिकेत ही भिंत मला उपयोगी पडली असती का? नाही. ती भिंत सरकारला अडवते. गिरणीमालक म्हणजे सरकार नाही. १७९१ चे सोळा शब्द मालकाच्या नारळाला हात लावत नाहीत. तिथल्या कामगाराला संरक्षण मिळालं ते १९६४ सालच्या नागरी हक्क कायद्यानं. पंधरा किंवा जास्त नोकर असलेल्या मालकानं धर्मावरून, वर्णावरून कामगाराशी भेदभाव करायचा नाही, असं त्यात आहे. आणि तो कायदा कुणी मिळवला? काळ्यांनी. रस्त्यावर उतरून, कुत्री अंगावर घेऊन, पाण्याचे फवारे झेलून. आज तिथल्या गोऱ्या ज्यू कामगाराला, मुसलमान कामगाराला, नास्तिक कामगाराला मालकाच्या धर्मापासून जे संरक्षण आहे ते काळ्यांच्या लढ्यातून आलं. मला हे कळलं तेव्हा रातपाळीला साच्यावर उभा असताना एकटाच हसलो.

*

आता भिंतीची दुसरी बाजू.

ज्या जेफरसननं भिंत हा शब्द दिला, त्याच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. मॅडिसनकडेही गुलाम होते. माणसाच्या मनावर सक्ती नको असं लिहिणाऱ्या हातांनी माणसाच्या देहाची खरेदीविक्री केली. तीन पेन्सची सक्ती ज्यांना सहन झाली नाही, त्यांना साखळदंडाची सक्ती सहन झाली.

त्याच व्हर्जिनियानं १६६७ साली कायदा केला होता, की गुलामानं बाप्तिस्मा घेतला तरी तो गुलामच राहील. म्हणजे आत्मा देवाचा, अंग मालकाचं. नंतर १८३१ साली नॅट टर्नर ह्या गुलामानं बंड केलं. तो प्रवचनकार होता. गोऱ्यांचं धाबं दणाणलं. १८३२ साली व्हर्जिनियानं काळ्या माणसाला, मग तो गुलाम असो नाहीतर स्वतंत्र, प्रवचन करायला आणि प्रार्थनेसाठी सभा भरवायला बंदी घातली. धर्मस्वातंत्र्याचा पहिला मोठा कायदा १७८६ साली करणारं राज्य हेच. सेहेचाळीस वर्षांत त्याच राज्यात काळ्याची प्रार्थना गुन्हा ठरली. कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. कारण कायद्यातला 'माणूस' म्हणजे गोरा माणूस, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. आपल्याला हे गणित समजावून सांगायची गरज नाही.

ज्या बॅप्टिस्टांनी तुरुंग भोगला, त्यांचं पुढं काय झालं? १८४५ साली दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी वेगळी संघटना काढली. भांडण कशावरून? गुलाम बाळगणारा माणूस धर्मप्रचारक होऊ शकतो की नाही, ह्यावरून. हे म्हणाले, होऊ शकतो. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षांनी. मार खाणारा मोकळा झाला की तो दुसऱ्याला मारत नाही, ह्याची हमी इतिहास देत नाही. साथींनो, हे आपणही लक्षात ठेवायचं आहे. पोटजातींच्या बैठकीत तर जरूर.

आणि कायदा? कायद्यात देव शिरला होताच. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग. ती काळी, तो गोरा. १९५८ साली वॉशिंग्टनमध्ये जाऊन लग्न केलं आणि व्हर्जिनियात आपल्या गावी राहायला आले. रात्री पोलीस थेट झोपायच्या खोलीत घुसले. शिक्षा अशी झाली, एक वर्ष तुरुंग, नाहीतर पंचवीस वर्षं दोघांनी मिळून ह्या राज्यात पाय ठेवायचा नाही. पुढं त्यांनी दाद मागितली तेव्हा त्याच न्यायाधीशानं १९६५ साली कारण लिहिलं. देवानं वेगवेगळ्या वंशांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवलं, त्याअर्थी त्यांची सरमिसळ देवाला मान्य नव्हती. हे मनुस्मृतीचं भाषांतर नव्हे, अमेरिकन न्यायालयाचा निकाल आहे. भिंत उभी होऊन पावणेदोनशे वर्षं झाली होती आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत वर्णसंकराची भीती बसलेली होती. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हे कायदे मोडीत काढले. पण कशाच्या बळावर? धर्माच्या भिंतीच्या नव्हे. गुलामगिरी मोडल्यानंतर १८६८ साली आलेल्या चौदाव्या दुरुस्तीच्या, म्हणजे समतेच्या कलमाच्या.

एवढं वाचून रिक्षावाला मित्र म्हणेल, बघ, मी सांगत होतो. थांब भाऊ.

*

भिंतीच्या आडोशाला काळ्यांनी स्वतःचंही काही उभं केलं. रिचर्ड ॲलन गुलामीत जन्मला, पैसे भरून स्वतःला सोडवलं. फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या त्याच्या काळ्या सोबत्याला प्रार्थना चालू असतानाच ओढून उठवलं. काळाराम मंदिराच्या दाराशी आपण १९३० साली उभे होतो. ॲलनचे लोक आत होते, तरी बाहेरच होते. ते सगळे उठून चालते झाले. १७९४ साली त्यांनी स्वतःचं चर्च उघडलं. त्या चर्चवर गोऱ्या मेथॉडिस्टांनी हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात गेलं, काळे जिंकले. १८१६ साली त्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळून आला. त्यानं १८४५ साली आपल्या आत्मचरित्रात स्वच्छ लिहिलं, की ह्या देशाचा ख्रिस्ती धर्म एक आणि ख्रिस्ताचा धर्म दुसरा, आणि एकावर प्रेम करायचं तर दुसऱ्याचा द्वेष करायलाच लागतो. पुढं मार्टिन ल्यूथर किंग आला तो चर्चमधूनच. बर्मिंगहॅमला १५ सप्टेंबर १९६३ रोजी काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार पोरी मेल्या. बॉम्ब चर्चवर का टाकला? कारण काळ्यांच्या मालकीची सभेची जागा तीच होती.

म्हणून धर्म म्हटला की एका फटक्यात फेकून द्यायचा, असं त्यांनी केलं नाही. बाबासाहेबांनीही केलं नाही. जो धर्म माणूस मानत नाही तो सोडला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मानतो तो घेतला. पण तो घेण्याचा हक्क कुणाच्या मेहेरबानीवर राहू नये, म्हणून घटनेत कलम २५ आधीच होतं. सरकार मनात शिरणार नाही, हे आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी भिंत लागते.

*

ही भिंत अमेरिकेत दीडशे वर्षं फक्त केंद्र सरकारपुरती होती. राज्यांना ती लागू नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८३३ पर्यंत चर्चसाठी कर होता. राज्यांवर तिचा अंमल आला तो पुन्हा चौदाव्या दुरुस्तीच्या मार्गानं, १९४० आणि १९४७ सालच्या निकालांनी. म्हणजे गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या दुरुस्तीनंच भिंत गावागावात पोचवली. १९४७ चा निकाल लिहिणारा न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक वकिली करत असताना कु क्लक्स क्लॅनचा सभासद होता. त्यानंच लिहिलं की भिंत उंच आणि अभेद्य ठेवली पाहिजे. आणि त्याच निकालात कॅथलिक शाळेच्या पोरांचं बसभाडं सरकारी पैशातून मंजूर केलं! भिंत उंच, पण बस जाण्याइतकी फट.

त्यानंतरच्या खटल्यांत मला सगळ्यात जवळची वाटली ती शाळेतली पोरं. यहोवाचे साक्षीदार नावाचा छोटा पंथ आहे. ते झेंड्याला सलामी देत नाहीत, देवाशिवाय कुणाला वंदन नाही म्हणतात. १९४० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सलामी द्यायलाच पाहिजे. मग ठिकठिकाणी त्या पंथाच्या लोकांना झुंडींनी मारलं. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयानं तो निकाल फिरवला. महायुद्ध चालू होतं. देशभक्तीचा नुसता पूर आलेला. तेव्हा कोर्ट म्हणालं, कुठलाही अधिकारी, लहान असो मोठा असो, कुणाकडूनही श्रद्धा वदवून घेऊ शकत नाही. ह्या निकालाचा हात थेट आपल्यापर्यंत पोचला. केरळमधल्या ह्याच पंथाच्या तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढलं. ती राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गात नव्हती. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं बार्नेटचा आधार घेत पोरांना परत शाळेत घ्यायला लावलं. नारळापुढे मागं घेतलेला हात काय किंवा मिटलेलं तोंड काय, त्यालाही कायद्यात जागा आहे, हे तेव्हा मला समजलं.

मेरीलँडमधल्या टॉर्कासो नावाच्या माणसाला नोटरीचं पद नाकारलं, कारण देव आहे असं जाहीर करायला तो तयार नव्हता. १९६१ साली कोर्टानं एकमतानं त्याची बाजू घेतली. १९६२ साली न्यूयॉर्कच्या शाळांतली प्रार्थना गेली. ती प्रार्थना सरकारी मंडळानं रचली होती, बावीस शब्दांची, कुणाच्याच देवाचं नाव न घेणारी. ज्याला नको त्यानं गप्प राहावं, अशी सवलत होती. कोर्ट म्हणालं, प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. तेव्हा अलाबामाचा एक खासदार चिडून बोलला त्याचा अर्थ असा, की ह्यांनी आधी निग्रोंना शाळेत घातलं आणि आता देवाला शाळेतून घालवलं. दोन्ही दुखणी एकाच पोटातली. १९५४ साली काळी पोरं गोऱ्या शाळेत आली, १९६२ साली सरकारी प्रार्थना गेली. त्या माणसानं दोन्हीचा संबंध बरोबर ओळखला होता.

१९७१ सालच्या ज्या निकालानं भिंतीची मोजपट्टी ठरवली, तो खटला ज्याच्या नावानं ओळखला जातो तो ॲल्टन लेमन फिलाडेल्फियातला काळा माणूस. धार्मिक शाळांच्या शिक्षकांना सरकारी पगार कशाला, असं त्यानं विचारलं. कोर्टानं तीन प्रश्न घालून दिले. कायद्याचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे का? त्याचा मुख्य परिणाम धर्माला बळ देणारा किंवा दाबणारा आहे का? सरकार आणि धर्म एकमेकांत फार गुंतताहेत का? अर्धं शतक ही मोजपट्टी चालली.

*

आता सगळ्यात अवघड प्रश्न. धर्म म्हणून कुणी विटाळ पाळला, तर भिंत त्याला वाचवते का?

दक्षिण कॅरोलायनात पिगी पार्क नावाची हॉटेलं होती. काळ्यांना तिथं आत बसून जेवता येत नव्हतं. १९६४ चा कायदा आला तेव्हा मालक म्हणाला, काळेगोरे एकत्र करणं माझ्या धर्माविरुद्ध आहे, माझं धर्मस्वातंत्र्य जातं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं हा बचाव निव्वळ फालतू म्हणून उडवला. चवदार तळ्याच्या पाण्यावरही असाच धर्म सांगितला होता ना?

त्याच राज्यात बॉब जोन्स विद्यापीठ. ख्रिस्ती संस्था. १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशच नव्हता. नंतर दिला, पण काळ्यागोऱ्यांनी एकमेकांशी प्रेम केलं, लग्न केलं तर हाकलणार. बायबलात तसं आहे म्हणे. सरकारनं त्यांची करसवलत काढून घेतली. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, सरकारचं बरोबर आहे. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, पण वंशभेदासाठी जनतेच्या पैशाची सवलत मिळणार नाही. तो नियम संस्थेनं मागं घेतला २००० साली.

ह्या दोन निकालांत मला भिंतीमधलं दार दिसलं. श्रद्धेच्या घरात सरकारनं शिरू नये. पण त्या घरात माणसाचा माणूस म्हणून मुडदा पडत असेल तर दार ठोठावायला कुणीतरी पाहिजे.

अमेरिकेला हे दार उशिरा काढावं लागलं. यादवी युद्ध झालं, लाखो मेले, मग दुरुस्ती आली, मग आणखी शंभर वर्षं लागली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले. त्यांनी आपल्या घटनेत भिंत आणि दार एकाच वेळी बसवून घेतलं. कलम २७ म्हणतं, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कुणाला कर द्यायला लावता येणार नाही. हे मॅडिसनचे तीन पेन्स. कलम २८ म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण नाही. ही भिंत. आणि कलम १७, अस्पृश्यता नष्ट. कलम २५ चा दुसरा भाग, समाजसुधारणेसाठी कायदा करता येईल, हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्यांना उघडता येतील. हे दार. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी कारणही सांगितलं होतं, की ह्या देशात धर्म जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याचा कोपरान्‌कोपरा व्यापून बसलाय. ते सगळंच धर्म म्हणून सोडून दिलं तर सुधारणेला जागाच उरणार नाही. कॉलेजातल्या मित्राला माझं हे उत्तर. नुसती अमेरिकेची भिंत आणली असती तर अस्पृश्यता भिंतीआड सुखानं नांदली असती.

आणि रिक्षावाल्या मित्रा, नोटेवरचा देव १७९१ सालचा नाही. नाण्यांवर तो यादवी युद्धात, १८६४ साली आला. 'देवाच्या छत्राखाली' हे शब्द पोरांच्या प्रतिज्ञेत घातले १९५४ साली आणि देवावरचा विश्वास देशाचं ब्रीद ठरवला १९५६ साली, कम्युनिस्टांच्या धास्तीनं. भिंत ढोंग नाही. तिची वीट काढणारे आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या मैदानावर प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाची बाजू घेतली आणि लेमनची मोजपट्टी मोडीत काढली. १९८० साली ज्या न्यायालयानं शाळेच्या वर्गातून बायबलच्या दहा आज्ञा उतरवल्या, त्याच देशात २०२४ साली लुइझियाना राज्यानं त्या पुन्हा वर्गात लावायचा कायदा केला. पालक लगेच कोर्टात गेले. एकदा बांधली की भिंत कायमची राहते, असं नसतं. डागडुजी करणारे हात लागतात.

आपल्याकडचं दुखणं जवळून बघा. १९५० सालच्या आदेशानं हिंदू सोडून दुसऱ्या धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीत धरलं नाही. शिखांना १९५६ साली धरलं. आपण १९५६ साली बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीत आलो १९९० साली. चौतीस वर्षं सरकार आपला धर्म विचारत बसलं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या आपल्याच भावंडांना आजही विचारतं. १६६७ साली व्हर्जिनिया म्हणाली, धर्म बदलला तरी गुलामी सुटत नाही. आपलं सरकार म्हणतं, धर्म बदललास, आता तुझी जात आम्हाला दिसत नाही. गावाला मात्र ती बरोबर दिसते.

म्हणून पुढच्या रविवारी कलम १७, २५, २७ आणि २८ अर्थासकट वाचायची. पोराच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी हापिसात सरकारी पैशानं पूजा घातली तर त्या खर्चाचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागायचा. शांतपणे, लेखी, सही करून. मुसलमान पोराला, ख्रिस्ती पोरीला त्यांच्या श्रद्धेवरून कुणी छळलं तर आपण पहिले तिथं पोचायचं. आणि देवाधर्माचं नाव सांगून कुणी आपल्या बाईला विहिरीवरून हटकलं, तर ते धर्माचं प्रकरण नाही, फौजदारी गुन्हा आहे, हे पोलीस ठाण्यात ठासून लिहून घ्यायचं.

माझे शंभर रुपये अजून परत मिळालेले नाहीत. अर्ज दिलाय. पोच घेतलीय. दर महिन्याला विचारतो.

जयभीम.